अण्णांच्या नावापुढचा शहाऐंशी

शनिवार, चौदा जून. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. लेहमध्ये आम्ही ज्या घरात उतरलो होतो त्या घराच्या अंगणात, टेम्पो ट्रॅव्हलरच्या उघड्या दाराशी उभा राहून मी वहीत एक आकडा लिहीत होतो.

आदरणीय भंतेजी, माई, आणि या विहारात जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो, जय भीम.

सुरुवात तारखेपासून केली, कारण दुसरीकडून कुठून करायची ते मला कळलं नाही. चार दिवस झाले, मी हे लिहितो आणि खोडतो. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. बारावीला दोन विषय राहिले, ते राहिलेच. उभं राहून बोलायची सवय नाही. म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. अक्षर माझंच आहे, त्यामुळे वाचता येईल.

अण्णांबद्दल आज इथे बरंच चांगलं बोललं गेलं. कुणी सांगितलं, विहाराची पाण्याची टाकी त्यांनी कशी बसवून घेतली. कुणी सांगितलं, ते कसे हसवायचे. ते सगळं खरं आहे. मला मात्र दुसरं सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसू शकत नाही.

कॉलनीत ते सगळ्यांचे अण्णा. कामावर ते प्रल्हाद पगारे, पिंपळगाव बसवंतच्या कोल्ड स्टोरेजमधले हेड ऑपरेटर. मी तिथे सहा वर्षांपूर्वी लागलो. माझं काम काय? दर तासाला प्रत्येक रूममध्ये जायचं, तापमान बघायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. रूम पाच, रकाने पाच. द्राक्षाच्या हंगामात आत पाय ठेवला की नाकातला केस ताठ होतो. बाहेर ऊन, आत बर्फ. अशा वेळी मुलं काय करतात? जात नाहीत. वरच्या ओळीत जो आकडा आहे तोच खालच्या ओळीत उतरवतात. त्याला आमच्याकडे म्हणतात, वरचाच खाली.

पहिल्या महिन्यात मीही ते केलं. एकदाच. चार नंबरच्या रूमचा आकडा मी वरचाच खाली लिहिला. अण्णा आले, रजिस्टर बघितलं, म्हणाले, "अक्षर लय झ्याक हाय रे तुझं. मास्तर व्हायला पाहिजे होतास."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, "थँक यू, अण्णा."

"चार नंबरमध्ये किती हाय म्हणालास?"

मी आकडा सांगितला.

त्यांनी खिशात हात घातला आणि चावी काढून टेबलावर ठेवली. "चार नंबरची चावी सकाळपासून माझ्या खिशात हाय, मास्तर. तू आत गेलास कसा? भिंतीतून?"

सगळे हसले. त्या दिवसापासून मी मास्तर झालो. बारावी नापास मास्तर.

पण नंतर, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मला बाजूला बसवलं. माणसांनो, त्यांचं ते बोलणं मला शब्दाला शब्द पाठ आहे. ते म्हणाले, "आकड्यासाठी आत जायचं नसतं रे. आकड्याच्या निमित्तानं आत जायचं. आत गेलास की वास येतो. पंख्याचा आवाज बदललेला कळतो. दाराचं रबर सुटलेलं दिसतं. हे रजिस्टर तुला आत ढकलायला हाय. आकडा काय, तो मागून येतो."

मग त्यांनी दोन नियम सांगितले. एक, आकडा चुकला तर गिरवायचा नाही, पुसायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. दोन, आत गेला नसशील तर रकान्यात तसं लिहायचं. मालक ओरडला तर ओरडू दे.

सहा वर्षं मी ते पाळलं. सहा वर्षांत एकदाही वरचाच खाली लिहिला नाही. चौदा जूनपर्यंत.

लडाखला जायचं अण्णांच्या मनात फार दिवसांपासून होतं. तिथे डोंगरा-डोंगरावर तथागतांची मंदिरं आहेत, गावागावात स्तूप आहेत, एवढंच त्यांना माहीत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीतल्या एकेकाला तयार केलं. अकरा माणसं झाली. अण्णा आणि माई, नवरा-बायको, कॉलनीतली मोठी माणसं, आणि मी. मी सगळ्यात लहान, म्हणून व्यवस्था माझ्याकडे. अण्णा सगळ्यांना सांगायचे, "जन्मभर थंडीत राहायचा पगार घेतला. आता थंडीत जायला पदरचे पैसे भरतोय बघा."

मी काळजी करणारा माणूस आहे. तुम्ही त्यावरून मला चिडवता, ते ठीक आहे. मी काळजी केली. सगळ्यांना घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी एकेकाला तपासलं, कुणाला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते विचारलं, आणि उंचीच्या त्रासासाठी गोळ्या लिहून दिल्या. मग मला त्यांनी वेगळं समजावलं. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. ते पान मी तुम्हाला वाचून दाखवतो.

"विमानाने एकदम उंचावर उतरलं की शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही. पहिले दोन दिवस आराम. चढण नाही. पाणी पीत राहायचं. दारू नाही, झोपेची गोळी नाही. उंचीवर डोकं दुखलं, मळमळलं, जेवण गेलं नाही, तर ते उंचीमुळेच आहे असं समजायचं. दुसरं कारण नक्की कळेपर्यंत तेच समजायचं. त्रास होत असताना आणखी वरच्या ठिकाणी झोपायला जायचं नाही. तिथेच थांबायचं. त्रास वाढला, चालताना तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा बसल्या जागी दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. खाली आणायचं."

खाली अजून एक ओळ आहे. मॅडम म्हणाल्या, "ऑक्सिमीटर घेऊन जा. पण आकडा चांगला दिसला म्हणून माणूस चांगला आहे असं समजू नकोस. माणसाकडे बघ." ती ओळ मी अधोरेखित केली आहे. दोनदा.

आता सांगा. सगळं लिहिलेलं होतं ना? शुद्ध लिहिलेलं होतं. मग काय झालं?

बारा तारखेला गुरुवारी सकाळी आम्ही लेहला उतरलो. संध्याकाळी मी सगळ्यांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावला, वहीत ऑक्सिजनचे अकरा आकडे लिहिले. रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचे असं ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, "मास्तरनं इथंही रूमा मोजायला घेतल्या." सगळे हसले. हसायला काही हरकत नव्हती. सगळे ठीक होते.

शुक्रवारी आराम करायचा होता. पण गावाजवळच्या टेकडीवर पांढरा स्तूप आहे. गाडी वरपर्यंत जाते. आम्ही गाडीने गेलो. अण्णा उतरले आणि पायऱ्यांकडे वळले.

मी म्हटलं, "अण्णा, चढण नको सांगितलंय."

ते म्हणाले, "तथागतांकडे गाडीत बसून जायचं का रे? तू ये गाडीनं. मोज मला वर आल्यावर."

ते चढले. मध्ये मध्ये थांबत, पण चढले. वर येऊन हात जोडून किती तरी वेळ उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना रागावू शकलो नाही. तुमच्यापैकी कुणी रागावलं असतं?

संध्याकाळी त्यांनी अर्धी चपाती खाल्ली आणि ताट सरकवलं. कानाला मफलर गुंडाळला. मी विचारलं, डोकं दुखतंय का? म्हणाले, "थंडीनं धरलंय. उन्हात बसलं की सुटेल."

इथे थोडं थांबतो. हे समजून घ्या, कारण चूक इथे आहे, आणि ही चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात. कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचं डोकं दुखतं. रोज. कपाळात कळ येते, कानामागे जाते. मग आम्ही काय करतो? कानाला बांधतो, बाहेर येतो, उन्हात उभं राहून चहा पितो. दहा मिनिटांत डोकं उतरतं. अण्णांनी तीस वर्षं तेच केलं. मी सहा वर्षं तेच केलं. म्हणून अण्णा म्हणाले थंडी, आणि मी मान डोलावली. मॅडमचं पान माझ्या हातात होतं. त्यावर लिहिलं होतं, दुसरं कारण नक्की कळेपर्यंत उंचीच समजा. आम्ही दोघांनी मिळून दुसरं कारण नक्की करून टाकलं. एका मिनिटात.

थंडीतून बाहेर येता येतं. दार असतं. उंचीला दार कुठे असतं? कोल्ड स्टोरेजमध्ये थंडाव्यासाठीचा अमोनिया गॅस सुटला की नाकाला कळतं, आणि अण्णाच ओरडायचे, "आधी बाहेर, मग बोला!" उंचीला वास नसतो. वास असता तर अण्णांना सगळ्यांच्या आधी कळलं असतं.

त्या संध्याकाळी त्यांचा आकडा शहाऐंशी होता. मी लिहिला.

दुसऱ्या दिवशी आम्हाला पँगाँग सरोवराला जायचं होतं. लेहपेक्षा उंच, आणि वाटेत त्याहून खूप उंच खिंड. रात्री तिथेच मुक्काम. गाडी ठरलेली, राहायची जागा ठरलेली. सगळ्यांनी त्या निळ्या पाण्याचे फोटो मोबाइलवर कितीदा बघितलेले.

शनिवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी मी वही घेऊन दारात उभा होतो. दहा जणांचे आकडे झाले. अण्णा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले होते. मफलर, टोपी, हातमोजे. डोळे मिटलेले. मी म्हटलं, "अण्णा, बोट."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "हातमोजा काढायला लावू नको, मास्तर. लय गार हाय. कालचाच लिही."

मी म्हटलं, "अण्णा, वरचाच खाली?"

ते हसले. डोळे मिटूनच हसले. म्हणाले, "एक डाव. मी सांगतोय ना."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे चल, ऊन चढायच्या आत निघू." इंजिन सुरू होतं. आणि मी लिहिलं. प्रल्हाद पगारे, शहाऐंशी.

ज्या माणसाने मला शिकवलं की आत गेल्याशिवाय लिहायचं नाही, त्याच माणसाच्या नावापुढे मी आत न जाता लिहिलं. कारण त्यानेच सांगितलं. आदर म्हणून लिहिलं. आदर होता का तो? की घाई होती? की त्या दहा जणांसमोर मला पुन्हा काळजीवाला मास्तर व्हायचं नव्हतं? मी रोज वेगळं उत्तर देतो.

हातमोजा काढला असता तर काय झालं असतं? आकडा कमी आला असता. कदाचित नसताही आला. पण मी त्यांच्यासमोर दोन मिनिटं उभा राहिलो असतो. ओठ बघितले असते. बोटांचा रंग बघितला असता. विचारलं असतं, रात्री झोप लागली का, पोटात काही ठरलं का. ते खोटं बोलले असते. पण ते माझ्याशी खोटं बोलायचे तेव्हा मला कळायचं. सहा वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला आहे.

आता मी जे सांगणार आहे ते माईंना विचारून सांगतो. पहाटे अण्णांना दोनदा उलटी झाली होती. आवाज येऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडून ठेवला होता. माईंना म्हणाले, "मास्तरला सांगू नको. तो गाडी थांबवेल. दहा माणसं माझ्यापायी का अडवायची?" गोळ्याही त्यांनी दोनच घेतल्या होत्या. त्या गोळीने लघवीला सारखं जावं लागतं. मॅडमनी ते सांगितलं होतं, घाबरू नका म्हणाल्या होत्या. पण गाडी सारखी कोण थांबवणार, बाया बसलेल्या असताना सारखं कोण उतरणार, म्हणून अण्णांनी गोळी बंद केली. आणि पाणीही कमी केलं. दहाची पट्टी होती. आठ गोळ्या त्यांच्या पिशवीत तशाच मिळाल्या.

मी माईंना विचारलं, हे सभेत सांगू का? माई म्हणाल्या, "सांग. लपवून लपवूनच गेले ते. आता तरी काय लपवायचं?"

माई, मी सांगितलं.

आणि गाडी थांबवायची गरजच नव्हती, माणसांनो. हेच मला सहन होत नाही. गाडी जाऊ द्यायची होती. नऊ जण सरोवर बघून आले असते. मी अण्णांबरोबर लेहमध्ये थांबलो असतो. एक दिवस, फार तर दोन दिवस. जवळ दवाखाना होता. आम्ही उन्हात बसलो असतो, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. बरं वाटलं असतं तर मागून गेलो असतो, नाहीतर नसतो गेलो. एवढंच करायचं होतं. एका माणसाबरोबर एका माणसाने थांबायचं होतं.

आम्ही गेलो. खिंडीत अण्णा गाडीतून उतरले नाहीत. दुपारी सरोवरावर पोचलो. त्यांनी काचेतून पाणी बघितलं आणि म्हणाले, "झ्याक हाय." संध्याकाळी सगळे चहाला बसलो होतो. अण्णा मला म्हणाले, "चार नंबरचं दार लावलंस का?"

आम्ही हसलो. सगळे हसलो. मीही हसलो. म्हटलं, "लावलं, अण्णा. चावी तुमच्या खिशात आहे." ते विनोद करणारे माणूस होते. आम्हाला वाटलं विनोद आहे. ते हसले नव्हते. त्यांनी खरंच खिसा चाचपला. ते मी बघितलं, आणि तरीही हसलो.

त्या संध्याकाळी मी कुणाचेच आकडे घेतले नाहीत. का नाही घेतले? थकलो होतो असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण आज सांगतो. एकदा खोटा आकडा लिहिला की वही उघडायची लाज वाटते. ती वही मी पिशवीच्या तळाशी घातली होती.

रविवारी सकाळी उजाडताच माईंनी मला हाक मारली. अण्णा पलंगावर बसले होते. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. मला ते कामावरच्या दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने बोलावत होते. मी त्यांना उभं केलं. मॅडमनी सांगितलं होतं तसं म्हटलं, अण्णा, एका पावलापुढे एक पाऊल टाकून चाला, सरळ रेघेत. दुसऱ्या पावलाला ते माझ्या अंगावर आले. मी बोटाला यंत्र लावलं. एकसष्ट. तो आकडा मी लिहिला. तो खरा आहे.

आमचा ड्रायव्हर नोर्बू, तिथलाच तरुण मुलगा. त्याने अण्णांकडे एकदाच बघितलं आणि गाडी सुरू केली. मी म्हटलं, खाली न्यायचं आहे, लवकर खाली. तो म्हणाला, "भैया, यहाँ से नीचे जाने के लिए पहले ऊपर जाना पड़ता है."

मला ते माहीत होतं. आदल्या दिवशी त्याच खिंडीतून तर आलो होतो. पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. ज्याला खाली आणायचं आहे त्याला आधी आणखी उंच न्यायचं. म्हणून थांबायचं असतं ते आधी. खिंडीच्या अलीकडे. तिकडे गेल्यावर नाही.

गाडीत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो लावला. खिंडीत जवानांची चौकी होती. त्यांनी अण्णांना उचलून आत नेलं, मोठा सिलिंडर लावला, इंजेक्शन दिलं, पुन्हा गाडीत ठेवून म्हणाले, रुको मत, उतरते जाओ. आम्ही उतरत गेलो. माईंच्या मांडीवर डोकं होतं. माई त्यांच्या कानात बोलत होत्या, "आलं हां, आलं खाली. झाडं दिसायला लागली बघा." झाडं खरंच दिसायला लागली होती. हिरवी, नदीकाठची, आपल्या गोदाकाठी सायखेड्याला असतात तशी नाहीत, पण झाडंच. तिथे अण्णांचा श्वास थांबला.

लेहच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला सूज आली होती. मी त्यांना विचारलं, कल सुबह नहीं जाते तो? ते म्हणाले, "कल सुबह किसने देखा था इनको?"

ते मला दोष देत नव्हते. त्यांना कागदासाठी माहिती हवी होती. तो साधा प्रश्न होता.

कॉलनीतून दुसरा गट सप्टेंबरमध्ये जाणार होता. चौदा नावं विहाराच्या फळ्यावर आहेत. यादी मीच लिहिली आहे. मला कळलं की आता सगळे नाव काढून घ्यायचं म्हणतायत. मी काय सांगणार? जाऊ नका असं मी म्हणणार नाही. अण्णांनी त्या स्तूपासमोर हात जोडले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी बघितला आहे. पण जाल तर हळू जा. लेहमध्ये जास्त दिवस थांबा. झोपायची उंची थोडी थोडी वाढवा. डॉक्टरांनी तपासून दिलेली गोळी पूर्ण घ्या, आणि लघवी लागली तर गाडी थांबवा. शंभर वेळा थांबवा. डोकं दुखलं तर सांगा. सांगणारा माणूस कुणाला अडवत नाही. न सांगणारा अडवतो. आणि जोड्या लावा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला सकाळ-संध्याकाळ जेवताना, चालताना, बोलताना बघायचं. एक थांबला तर दुसरा थांबेल, हे इथून निघायच्या आधीच ठरवा. तिथे ठरवायला गेलात तर इंजिन सुरू असतं.

प्रवासाच्या पैशांचा हिशोब मी दारातल्या फळ्यावर लावला आहे. तो रुपयापर्यंत जुळतो. दुसरा हिशोब हा. या वहीत पंचेचाळीस आकडे आहेत. चव्वेचाळीस खरे. एक खोटा. अकरा रकाने कोरे. आठ गोळ्या उरलेल्या. अकरा माणसं गेली, दहा आली. हा हिशोब मी कसाही मांडला तरी जुळत नाही.

काल मी ही वही माईंकडे घेऊन गेलो. ते पान दाखवलं. म्हटलं, माई, हा आकडा मी न बघता लिहिला. मला वाटत होतं तसं त्यांनी काहीच केलं नाही. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. विचारलं, "त्यांनीच सांगितलं असंल ना?"

मी म्हटलं, हो.

"आन् तू लिहिलंस."

मी म्हटलं, हो, माई.

माईंना वाचता येत नाही, पण अण्णांचं नाव त्यांना ओळखू येतं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मग दुरुस्त कर. ते काय सांगायचे तुला? एक रेघ. पण घरात नको करू. सगळ्यांसमोर कर."

म्हणून मी वही आणली आहे. हे पान. शनिवार, चौदा जून, सकाळ. प्रल्हाद पगारे. शहाऐंशी. पुसत नाही. गिरवत नाही. एक रेघ मारतो. आकडा खाली वाचता येतो, कुणालाही येऊन बघता येईल. शेजारी माझी सही, आणि आजची तारीख.

आणि अण्णा, तुमचा दुसरा नियम. आत गेला नसशील तर तसं लिहायचं. लिहितो.

पाहिले नाही.

माणसांनो, आता आपण उभे राहू या. एक मिनिट कुणी बोलायचं नाही. घड्याळ मी बघणार नाही. माई हात खाली करतील तेव्हा मिनिट झालं असं समजू. तोवर प्रत्येकाने आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघा.

अण्णा, तुमच्या मास्तरचा तुम्हाला जय भीम.